मामांच्या बंदुका: किंमत नंतर, आधी लायसनचं पुस्तक उघडा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मामा ८३ वर्षांचे, पार्ल्याला एकटे राहतात, मामी गेल्यापासून कपाटातल्या बंदुकांचं पुढे काय हा घोर त्यांना लागलाय, मुलगा कॅनडात, मुलगी ठाण्याला, आणि सगळं तुमच्या गळ्यात आलंय. ऐवज तुम्ही लिहिलाय तो असा: एक बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) दुनळी, एक बत्तीस बोअरचं वेब्ली स्कॉट पिस्तूल, एक पॉइंट टू टू ब्रनो रायफल जी २०२० साली एका दुकानात जमा केली पण पावती सापडत नाहीये, चिपळूणजवळच्या गावच्या घरी माळ्यावर एक ठासणीची बंदूक, शिवाय एक जुनी एअरगन आणि भिंतीवर सांबराची शिंगं. ह्याचे किती येतील आणि न फसता विकायचं कसं, एवढं तुम्हाला हवंय.

मी फोर्टात एका बंदुकीच्या दुकानात २९ वर्षं काढली, पहिली बारा-तेरा वर्षं मागे वर्कशॉपमध्ये, नंतर पुढे काउंटरवर, म्हणजे हत्यार उघडून बघणंही केलं आणि लोकांचे कागद घेऊन कमिशनर ऑफिसच्या फेऱ्याही केल्या. त्या अनुभवावरून सांगतो, ह्या सगळ्या ऐवजात मोलाचं काय असेल तर मामांची सही. ते हयात आहेत, शुद्धीत आहेत, लायसन त्यांच्या नावावर आहे, तोवर हे विकणं म्हणजे काही महिन्यांचं सरळ काम आहे. ते गेल्यावर हेच काम तुमच्या हातात आलं तर काय होतं ते आधी सांगतो.

गिरगावातल्या एका घरची गोष्ट आहे. वडील वारले, बंदूक कपाटात तशीच राहिली, बाराव्यानंतर कोणाच्या लक्षातच नाही, तीनेक वर्षांनी घर रंगवायला काढलं तेव्हा मुलाला ती दिसली आणि तो बिचारा चादरीत गुंडाळून टॅक्सीत घालून आमच्या दुकानात घेऊन आला, म्हणाला विकायचीय. त्याला कल्पनाच नव्हती की तो विनापरवाना हत्यार घेऊन भर रस्त्यातून आलाय. लायसनधारक गेला की ते हत्यार घरच्यांनी ठेवणं कायद्यात बसत नाही, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडे जमा करावं लागतं. जमा केल्यावर वारसाला ते विकून पैसे घेता येतात, पण ठरलेल्या मुदतीत, मुदत टळली की सरकारजमा होऊ शकतं. त्या मुलाला आम्ही बसवलं, पाणी दिलं, ठाण्यात फोन केला, अर्ज लिहून दिला, निभावलं एकदाचं. पण मग वारसांची ना हरकत लागली, त्यातल्या एका भावाचं आणि ह्याचं बोलणं बंद, सह्या होईपर्यंत दोन पावसाळे गेले आणि बंदुकीची नळी आतून गंजून गेली. म्हणून म्हणतो, मामा आहेत तोवर करा, आणि त्यांच्या हातून करा.

आता पहिलं काम. मामांजवळ बसा आणि लायसनचं पुस्तक काढा. चार गोष्टी बघायच्या. मुदत कधीपर्यंत आहे (पूर्वी ३ वर्षांची असायची, आर्म्स अ‍ॅक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षांची झाली). त्यावर यूआयएन नंबर आहे का, हा केंद्राच्या शस्त्र परवाना डेटाबेसमधला नंबर, तो नसेल तर पुढे काहीच हलत नाही. कोणकोणतं हत्यार चढवलंय आणि प्रत्येकापुढे लिहिलेला नंबर प्रत्यक्ष हत्यारावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो का. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण जुन्या काळी कारकुनाने हाताने उतरवताना ३ चा ८ झालेला असतो, पुढचं इंग्रजी अक्षर गाळलेलं असतं, आणि ते चाळीस वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, विकायच्या वेळी मात्र बरोबर आडवं येतं. तसं काही दिसलं तर विक्रीच्या आधी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. आणि चौथी गोष्ट, निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करायला लावलेलं हत्यार परत आणलं होतं का हे मामांना विचारा, म्हातारी माणसं एकदा ठाण्यात ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून आणायला जातच नाहीत, अशी मी कितीतरी बघितलीत.

रायफलचं आता. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तिसरं एक वर्षाच्या आत म्हणजे १३ डिसेंबर २०२० पर्यंत ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करायचं होतं आणि त्यानंतर ९० दिवसांत ते लायसनवरून उतरवायचं होतं. मामांनी वेळेत जमा केली हे फार बरं केलं. पावती हरवली म्हणून घाबरू नका. डीलरला रजिस्टर ठेवावंच लागतं, कोणाचं हत्यार, नंबर काय, कधी आलं, सगळं त्यात असतं. मामांना घेऊन त्या दुकानात जा, लायसनची झेरॉक्स न्या, लेखी अर्ज द्या आणि जमा असल्याचा दाखला दुकानाच्या लेटरहेडवर शिक्क्यासकट मागा, त्यावर रायफलचा नंबर हवाच. इतक्या वर्षांचं ठेवणावळ भाडं मागतील, ते द्यावं लागेल, पण आधी आकडा विचारून घ्या. तिथेच लायसनवरची नोंद उतरलीय का तेही बघा, बऱ्याच जणांची हत्यार जमा आणि नोंद तशीच अशी अवस्था आहे.

घरातल्या दोन हत्यारांना तुम्ही स्वतः हात लावू नका. हे भीती घालायला सांगत नाहीये. मामा अजून हाताळू शकत असतील तर त्यांनाच उघडू दे, नळीचं तोंड भिंतीकडे, बोट चापापासून लांब, दुनळी सांध्यातून उघडून आत दोन्ही बाजूंना काडतूस नाही ना हे डोळ्यांनी बघायचं. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं म्हणजे ते रिकामं झालं असं नव्हे, एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खणात, राहिलेली असू शकते, स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढून आत बघावं लागतं. मामांचे हात थरथरत असतील तर अजिबात उघडू नका, डीलरच्या माणसाला घरी बोलवा. जुनी काडतुसं जी काही ड्रॉवरमध्ये निघतील ती कचऱ्यात नाही, देव्हाऱ्यामागे नाही, लायसनवरच्या नोंदीसकट डीलरकडे द्यायची.

आणि हत्यार घेऊन कोण जाणार? कायद्यात सोय आहे की लायसनधारकासमोर किंवा त्याच्या लेखी परवानगीने दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो, पण ती दुरुस्तीसाठी, लायसन नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या वापरासाठी. किंमत काढायला म्हणून तुम्ही एकटीने पिशवीत घालून लोकलने नेणं ह्यात बसत नाही. मामांना गाडीत बसवा, हत्यार रिकामं, कव्हरमध्ये, लायसनचं मूळ पुस्तक सोबत, आणि दुपारची वेळ गाठा म्हणजे त्यांना ताटकळावं लागणार नाही. सोसायटीत चर्चा नको, आणि नंबर दिसेल असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. घरात एकटा म्हातारा माणूस आणि पिस्तूल ही बातमी बाहेर जाणं चांगलं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, किंमत. नेटवर इंग्लिश बंदुकांचे लिलावातले पौंडातले आकडे बघून लोक येतात आणि मग आमचा आकडा ऐकून त्यांना वाटतं की फसवतायत. तो बाजार वेगळा आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्याकडे लायसन आहे आणि ज्याच्या लायसनवर जागा रिकामी आहे असाच माणूस. दोनच जागा. त्यातली एक तो पिस्तूल किंवा रिव्हॉल्वरसाठी धरून ठेवतो, उरलेल्या एकीवर दुनळी, रायफल सगळ्यांची मारामारी. म्हणून २०१९ नंतर लांब बंदुका पडून राहायला लागल्या आणि चांगल्या विलायती पिस्तुलाला मागणी टिकून राहिली, कारण खासगी माणसाला परदेशातून हत्यार आणणं १९८० च्या दशकातच बंद झालं, आत जेवढी आहेत तेवढीच फिरतायत. मामांच्या संग्रहात जास्त पैसे बहुतेक त्या छोट्या पिस्तुलाचेच येतील, आणि मामांना जीव असणार त्या दुनळीवर. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, दुकानात पहिल्यांदा ऐकलं तर लागतं मनाला.

पिस्तुलाचं बोअर कागदावर नक्की करून घ्या. आपल्याकडे बत्तीस म्हटलं की दोन वेगळ्या गोळ्या असतात, पिस्तुलाची ७.६५ मिमी वेगळी आणि रिव्हॉल्वरची लांब, बुडाला कड असलेली वेगळी, लायसनवर नुसतं बत्तीस लिहिलेलं असतं. वेब्लीच्या ह्या छोट्या पिस्तुलावर ७.६५ कोरलेलं दिसेल, लंडनच्या पोलिसांनी १९११ मध्ये हेच मॉडेल घेतलं होतं, मामांना सांगा, त्यांना आवडेल. बत्तीस नॉन प्रोहिबिटेडमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला परवाना मिळू शकतो अशा बोअरमध्ये, येतं त्यामुळे गिऱ्हाईक मिळतं. ९ मिमी, ३८०, ४५५ च्या सैनिकी गोळ्या चालतील अशी पिस्तुलं किंवा ३०३ रायफल असती तर प्रोहिबिटेड बोअर झालं असतं, मग गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. स्लाइडवर आणि फ्रेमवर नंबर एकच आहे का बघायला सांगा, दोन पिस्तुलांचं मिळून एक केलेलं असलं की भाव एकदम खाली येतो.

दुनळीवर मात्र मी जरा वेळ घेणार, कारण तुम्ही लिहिलंय की नळ्यांच्या मधल्या पट्टीवर आर्मी अँड नेव्ही असं कोरलंय. काळा घोड्याला ती आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे ना, तेच हे दुकान. साहेब लोकांची सहकारी सोसायटी, विलायतेहून माल मागवून विकायची, टोप्या, क्रॉकरी, तंबू आणि बंदुका. बंदुका ते स्वतः बनवत नसत, बर्मिंगहॅमचे कारागीर बनवायचे आणि वर ह्यांचं नाव पडायचं. म्हणजे नाव दुकानाचं आहे, कारागीर शोधायला आत बघावं लागतं. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा ह्या नावांचंही तेच. (रॉडा म्हणजे तेच दुकान ज्यांच्या मालातून १९१४ च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी माउझर पिस्तुलं पळवली.)

डीलर बघताना काय बघतो ते सांगतो, म्हणजे तुम्ही शेजारी उभ्या राहिलात तर कळेल की माणूस खरं बघतोय की नुसता आव आणतोय. पुढची लाकडी पकड काढून नळ्या उतरवायच्या. खालच्या सपाट भागावर मुकुटाखाली छोटी अक्षरं असतात, बीपी, बीव्ही, एनपी अशी असतील तर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळी दाब सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचे, १९०४ ते १९५४ मधले शिक्के. एनपी म्हणजे नायट्रो, आजच्या बिनधुराच्या, दारूसाठी तपासलेली. तो शिक्का नसेल आणि नळीवर पाण्यावर तेल पसरल्यासारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी, काळ्या दारूच्या काळातली, दिसायला अतिशय सुंदर पण आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही म्हणजे नाही. १९२५ नंतरच्या नळ्यांवर चेंबरची लांबी इंचात कोरलेली असते, बहुतेक जुन्या दुनळ्या अडीच इंची म्हणजे साधारण ६५ मिमीच्या. आज मिळणारं ७० मिमीचं काडतूस त्यात आरामात बसतं, बंदूक मिटतेही, आणि तिथेच घात होतो, कारण काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यावर तोंड उघडल्यानंतरची. उडताना त्याला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय असं समजू नका, घेणाऱ्यालाही हे लेखी सांगा.

मग नळ्या उजेडाकडे धरून आतून बघायचं. स्वच्छ नळीत उजेडाची गोल कडी अखंड दिसते, जिथे ती वाकडी दिसेल तिथे पोचा, जिथे काळे ठिपके दिसतील तिथे गंजाचे खड्डे. मुंबईच्या हवेत हे खड्डे बहुतेक करून चेंबरच्या पुढे चार बोटांवर सापडतात, काडतूस उडवून नळी न पुसता ठेवलेली असते. मग आमचे जुने मिस्त्री एक करायचे, नळ्या दोऱ्याला टांगायच्या आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारायची. नळ्या जोडणारी डाख शाबूत असेल तर देवळातल्या छोट्या घंटेसारखा आवाज निघतो आणि विरत जातो, पट्टीची डाख कुठे सुटली असेल तर आवाज फुटका, फुटलेल्या मडक्यासारखा. मी पहिल्यांदा तो घंटेसारखा आवाज ऐकला तेव्हा विशीत होतो, वर्कशॉपमधली कानस बाजूला ठेवून ऐकत राहिलो होतो. शेवटी नळ्या परत चढवून पुढची पकड न लावता बंदूक हलवायची, खुळखुळली तर जोड सैल झालाय. हे सगळं चांगलं निघालं तर दुनळीला मागणी कमी असली तरी नेमका कदर करणारा माणूस मिळतो, पण त्याला वेळ लागतो, चार-सहा महिने धरून चाला.

विकायच्या आधी चकाचक करू नका, हे हात जोडून सांगतो. एकाने बंदूक भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे नेऊन बफिंग करून आणली होती, आरशासारखी चमकत होती आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे घासून गेले होते. ओळखीच्या खुणा नसलेलं हत्यार विकणं हाच कलम ८ खाली प्रश्न होतो, ती बंदूक कोणीच घेईना. लाकडाला व्हार्निश नको, नळीला पॉलिश पेपर नको. मशीनच्या तेलाचा हलका हात आणि सुती कापड, बस. आणि चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली असेल तर आज बाहेर काढायला सांगा मामांना, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि केसचा जिथे स्पर्श होतो तिथेच गंज बसतो. रिकामी केस मात्र टाकू नका, आत दुकानाचं लेबल असेल तर तिचीही किंमत येते.

ब्रनो रायफलला नेमबाजी शिकणारी मुलं आणि क्लबची माणसं विचारतात. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिथल्या मंडळींमध्ये डीलरमार्फत विचारणा करायला हरकत नाही. चेकोस्लोव्हाकियाची ही रायफल साधी पण फार नेमकी, लोक अजून मागतात.

भाव काढायला निदान तीन डीलरांकडे जा आणि प्रत्येकाला दोन आकडे विचारा, आत्ता रोख घेतलीत तर किती आणि ठेवून घेऊन विकलीत तर आमच्या हातात किती. दोन्हींत बराच फरक पडतो आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात, कारण पहिल्यात त्याचा पैसा अडकतो. जो माणूस हत्यार न उघडता नुसतं बाहेरून बघून आकडा सांगतो त्याला नमस्कार करून बाहेर पडा. आकडा लिहून मागा. ठेवून दिलंत तर ठेवल्याची पावती, त्यावर नंबर, कमिशन किती, भाडं किती आणि किती महिन्यांनी परत घेता येईल, हे सगळं लिहिलेलं हवं.

डीलरशिवाय थेट लायसनवाल्या माणसाला विकता येतं का? येतं, स्वतःच्या वापराचं हत्यार असेल तर कायदा परवानगी देतो, पण आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, विकणार आहोत आणि अमुक माणसाला, त्याचं नाव-पत्ता सकट, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. मुंबईत लायसन कमिशनरेटचं असल्यामुळे मी लोकांना शस्त्र परवाना शाखेतच अर्ज देऊन पोहोच घ्यायला सांगतो. घेणाऱ्याचं मूळ लायसन स्वतः बघा: मुदत, यूआयएन, त्या बोअरची परवानगी, त्यावर आधीची किती हत्यारं. लायसन नंतर दाखवतो, आधी टोकन घ्या असं म्हणणारा कितीही गोड बोलला तरी नको. पैसे बँकेतून, मामांच्याच खात्यात. विक्री झाल्यावर दोन्ही लायसनवर नोंद पडली पाहिजे आणि मामांच्या नोंदीची झेरॉक्स तुमच्या फाइलमध्ये. सगळी हत्यारं उतरली की लायसनही लेखी अर्जाने परत करून पोहोच घ्या, नाहीतर पुढच्या निवडणुकीत ठाण्याचा हवालदार पुन्हा दारात उभा.

एक गोष्ट मात्र विकायच्या आधी ठाण्याच्या मामेबहिणीला नक्की विचारा. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे की लायसनधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं बाळगून झालं तर त्याच्या हयातीतच वारसाला लायसन मागता येतं. तिला प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, वैद्यकीय दाखला, पोलीस चौकशी हे सगळं करावं लागेल, भावाची ना हरकत लागेल, आणि दोनची मर्यादा तिलाही. बहुतेक मुलं नको म्हणतात. पण मी अशा मुलीही बघितल्यात ज्यांना विकून झाल्यावर हळहळ वाटली, वडिलांनी विचारलंच नाही म्हणून.

गावच्या ठासणीच्या बंदुकीला मुंबईत आणू नका. ती कोणाच्या लायसनवर आहे ते आधी शोधा, कोकणात शेतीसंरक्षणाचे परवाने पुष्कळ, आजोबांच्या नावचं जुनं पुस्तक गावच्या ट्रंकेत असू शकतं. लोक म्हणतात जुनी आहे, अँटिक आहे, तिला काय लायसन. कायद्यात सूट आहे ती जुन्या, मोडक्या आणि दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला. साफ करून बार काढता येणारी ठासणीची त्यात बसत नाही. मामांच्या नावाने तिथल्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा, वकिलाचा सल्ला घेऊन, आणि तिथेच जमा करा. शंभर वर्षांवरची निघाली तर पुरावस्तू कायद्याने ती देशाबाहेर पाठवता येत नाही, कॅनडाच्या भावाला आठवण म्हणून पाठवू वगैरे विचार असेल तर सोडून द्या.

सांबराची शिंगं विकायची नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, मामांकडे मालकीचं प्रमाणपत्र आहे का बघा. असेल आणि शिंगं ठेवायची नसतील तर वनविभागाकडे स्वखुशीने देऊन टाकायची सोय २०२२ च्या दुरुस्तीत आहे, पैसे मिळत नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या. हस्तिदंती मुठीची कट्यार वगैरे काही निघाली तर तिचंही तसंच, डीलरला दाखवूही नका.

मामांना ह्या सगळ्यात कसं वागवायचं हे तुम्ही विचारलेलं नाही तरी लिहितो. माहीमचे एक आजोबा मुलीबरोबर आले होते, मुलगी आणि आमचे शेठ त्यांच्या डोक्यावरून भावाचं बोलत होते आणि आजोबा काठीवर हनुवटी टेकून गप्प. मी नुसतं विचारलं, आजोबा, ही घरात आली कशी? तर त्यांनी सांगायला सुरुवात केली, वडिलांनी कुठून घेतली, पहिल्यांदा कोणाबरोबर गेले, कोणत्या वर्षी नळीला पोचा आला आणि कोणी काढला, आणि बोलता बोलता शबनममधून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, आत मूळ खरेदीची पावती, शाई फिकट झालेली पण नंबर स्पष्ट. मुलीला माहीतच नव्हतं ती पावती आहे म्हणून. मूळ पावती असली की हत्याराचा इतिहास सिद्ध होतो आणि घेणारा दोन पैसे जास्त देतो, शेठनी लगेच आकडा वर नेला. तर एक संध्याकाळ मोकळी काढा, चहा ठेवा आणि मामांना दुनळीबद्दल बोलू द्या, फोनवर रेकॉर्ड करा. कोणी घेतली, कधी, दुरुस्ती कुठे झाली, केस कुठेय, जुनी रद्द झालेली लायसनं कुठल्या फाइलमध्ये आहेत, हे सगळं त्या गप्पांतच निघेल.

एअरगनचं राहिलं. बोअर १७७ चं असेल आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल, घरातल्या जुन्या एअरगन बहुतेक तशाच असतात, तर तिला लायसन लागत नाही. डीलरकडे जालच तेव्हा एकदा तपासून घ्या, स्प्रिंग गेलेली असेल तर बदलून मिळते. तुम्ही लिहिलंय की लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मामांनी तुम्हा सगळ्या भावंडांना तिच्यावर गच्चीत काडेपेट्या पाडायला शिकवलं होतं. ती विकायच्या यादीतून काढा, पुसून मामांच्या कपाटात परत ठेवा, दुनळीच्या जागेवर.